छतावरच्या उन्हाचा जमाखर्च

या महिन्याच्या टपालात शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून आलेली पत्रे जास्त आहेत आणि बहुतेकांचा विषय एकच आहे: छतावरचे सोलर आणि आपल्याकडचे ऋतू. म्हणून या वेळी दुसरा विषय घेतलेला नाही.

प्रश्न: आमचे घर किन्हवलीजवळ आहे. दिवाळीनंतर सूर्यघर योजनेतून 3 किलोवॅटचे सोलर बसवले. मे महिन्यापर्यंत बिल नावालाच येत होते. पावसाळ्यातली बिले आल्यावर मात्र घरात वाद झाला. सासरे म्हणतात, एवढ्या पावसाच्या मुलखात सोलर घेऊन पैसे पाण्यात घातले. खरेच तसे झाले का?

ताई, सासऱ्यांची शंका रास्त आहे. मृग लागल्यावर तुमच्याकडे झड बसली की चार-चार दिवस सूर्याचे दर्शन होत नाही. समुद्रावरून आलेले ढग माहुली, आजोबा, सिद्धगड, माळशेज यांच्या कड्यांना अडतात आणि इथेच रिते होतात. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात उभी राहिली ती याच पावसाच्या भरवशावर. तेव्हा पावसाळ्यात वीज कमी बनणार, हे धरूनच चालायचे. पण पैसे पाण्यात गेले असे म्हणायला आधार नाही, आणि ते आकड्यांनीच दाखवता येते.

पॅनेलला कडक ऊनच हवे असते असे नाही, त्याला उजेड हवा असतो. ढगांतून विखरून आलेला उजेडही काचेतून आत जातो आणि त्याचीही वीज होते, फक्त कमी. आभाळ काळेकुट्ट भरलेले असेल तर निरभ्र दिवसाच्या विजेचा पाचवा हिस्साही मिळत नाही. पांढरट, पातळ मळभ असेल तर निम्म्याच्या आसपास मिळते. आणि उघडीप पडली की तासाभरात चित्र पालटते. काच पावसाने धुतलेली, पॅनेल थंड, हवेत धुळीचा कण नाही. अशा वेळी श्रावणातल्या दुपारी इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा आकडा मे महिन्यातल्या दुपारच्या वर गेलेला दिसतो. एकदा मुद्दाम पाहा आणि सासऱ्यांनाही दाखवा.

आता महिन्यांचा हिशेब. आपल्या भागात नीट बसवलेले 1 किलोवॅटचे सोलर वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण 4 युनिट देते. फेब्रुवारी ते एप्रिल हा आकडा 5 च्या आसपास असतो, जुलै-ऑगस्टमध्ये तो सव्वादोन-अडीचवर उतरतो, जून आणि सप्टेंबर यांच्या मधले. तुमच्या 3 किलोवॅटला हे लावले तर मार्चमध्ये साडेचारशेच्या घरात, जुलैमध्ये सव्वादोनशेच्या आतबाहेर आणि वर्षाला चार हजारांवर तीन-चारशे युनिट होतात. ढोबळमानाने, पावसाळ्याच्या चार महिन्यांत, म्हणजे वर्षाच्या तिसऱ्या हिश्श्यात, वर्षाच्या विजेचा जेमतेम चौथा हिस्सा बनतो. तूट आहे, पण ती बाकीच्या आठ महिन्यांनी भरून काढण्याजोगी आहे. जर्मनीने छतोछती सोलर बसवले, आणि तिथे 1 किलोवॅटला वर्षाकाठी हजार युनिटच्या आसपासच मिळतात. आपल्याला एवढा पाऊस झेलूनही चौदाशेच्या वर मिळतात. 2024 साली राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झालेली मान्याचीवाडी सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात आहे. तोही कोयनेच्या खोऱ्यातला, पावसाचाच तालुका.

पैशांच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या 100 युनिटांचा दर कमी, 101 ते 300 चा एकदम बराच जास्त, पुढे आणखी. समजा, जुलैमध्ये तुमच्या घरात 280 युनिट लागली. सोलर नसते तर त्यातली 180 युनिटे महागड्या टप्प्यात पडली असती. सोलरने 215 दिली तर हिशेबाला उरतात 65, म्हणजे तुम्ही पहिल्या, स्वस्त टप्प्यातच राहिलात. जुलैत वीज थोडी बनली, पण ती सगळ्यांत महाग युनिटांच्या जागी लागली. उलट एप्रिलमध्ये 420 बनली आणि घरात 330 लागली, तर वरची 90 युनिटे त्या महिन्यात पैसे वाचवत नाहीत, नुसती खात्यावर जमा होतात. म्हणून पावसाळ्यातले प्रत्येक युनिट उन्हाळ्यातल्या वरकड युनिटापेक्षा मोलाचे. बिलावर थोडी रक्कम दिसली म्हणजे सोलर झोपले असे नव्हे. शिवाय स्थिर आकार वीज कितीही बनली तरी भरावाच लागतो.

बिल वाचताना आणखी एक गफलत होते. बिलावर आयात आणि निर्यात असे युनिटांचे दोन आकडे असतात. निर्यात म्हणजे पॅनेलने बनवलेली सगळी वीज नव्हे. घरात वापरून उरलेली आणि तारेवर गेलेली वीज. वरच्या उदाहरणात 215 बनली, त्यातली 115 दिवसाउजेडी घरातच पंखे, फ्रीज, मोटारीला लागली, 100 बाहेर गेली आणि रात्री व झडीच्या दिवसांत 165 बाहेरून घेतली. बिलावर 165 आणि 100 दिसणार. ज्यांना हे ठाऊक नसते ते म्हणतात, महिनाभरात शंभरच युनिटे बनली. खरा आकडा सोलरच्या वेगळ्या मीटरवर किंवा इन्व्हर्टरच्या ॲपवर असतो. दर महिन्याच्या 1 तारखेला तो कॅलेंडरवर लिहून ठेवा. वर्षाने बारा आकडे हाती असले की वाद घालायला जागा उरणार नाही.

प्रश्न: मार्चअखेर आमच्या खात्यावर बरीच युनिटे शिल्लक होती. एप्रिलच्या बिलात ती दिसेनाशी झाली. त्यांचे काय होते? – एक निवृत्त शिक्षक, मुरबाड

गुरुजी, या पत्राबद्दल तुमचे विशेष आभार, कारण माझ्या मते आपल्या भागातल्या सोलरधारकांचे सर्वांत मोठे नुकसान पावसात होत नाही, ते इथे होते.

नेट मीटरिंगचे, म्हणजे तारेला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या पद्धतीचे, वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. या मुदतीत एका महिन्याची शिल्लक पुढच्या महिन्यात ओढली जाते. 31 मार्चला खाते मिटवतात. उरलेल्या युनिटांचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात, पण तो दर तुम्ही विजेला मोजता त्या दराच्या मानाने बराच कमी असतो. 1 एप्रिलला नवी पाटी कोरी.

आता आपल्या ऋतूंची पाळी या वर्षावर ठेवून पाहा. वर्ष सुरू होते ते एप्रिल-मेने: वीज भरपूर बनते, पण पंखे, कूलर आणि कुठे कुठे एसीही जोरात असतात. लगेच जून ते सप्टेंबरची तूट. म्हणजे पावसाळ्याला आधार फक्त एप्रिल-मेच्या शिल्लकीचा. त्यानंतर ऑक्टोबर ते मार्च वीज चांगली बनते आणि थंडीत घरचा वापर कमी, म्हणून शिल्लक साचत जाते, आणि ती पुढच्या पावसाळ्याला उपयोगी पडण्याआधीच 31 मार्च येऊन ठेपतो. हिशेबाचे वर्ष दिवाळीला सुरू होत असते तर हिवाळ्याची कमाई सरळ पावसाळ्यात वापरता आली असती. तसे नाही, तेव्हा आपणच वागणे बदलायचे.

एप्रिल-मेमध्ये हात राखून वापरा. त्या दोन महिन्यांत वाचवलेले प्रत्येक युनिट जुलैमध्ये विकत घ्यावी लागणारी वीज वाचवते. जानेवारी ते मार्च मात्र उलट. खात्यावर शिल्लक दिसत असेल तर ती वापरून टाका. अंघोळीचे पाणी बंबाऐवजी गीझरवर तापवा, स्वयंपाकाचा काही भाग इंडक्शनवर घ्या, सिलिंडर तेवढाच लांबेल. वर्षाची पापड-कुरडयांची धांदल त्याच सुमाराला असते. चीक शिजवायला वीज वापरता आली तर धूरही वाचेल. शिल्लक आहे की नाही हे फेब्रुवारीच्या बिलावर छापलेले असते, तेवढे वाचायचे.

याच कारणाने मोठे सोलर घेण्याच्या मोहात पडू नका. केंद्राचे अनुदान पहिल्या 2 किलोवॅटला किलोवॅटमागे 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, असे 78 हजारांवर थांबते. त्यापुढचा प्रत्येक किलोवॅट पदरच्या पैशांचा. ज्या घरात महिन्याला तीनशेच्या आसपास युनिटे लागतात, त्याने 5 किलोवॅट घेतले तर जादा वीज दर मार्चला स्वस्तात विकली जाईल. वर्षभराची बारा बिले मांडून एकूण वापर काढा, त्याला 1,400 ने भागा. जो आकडा येईल तेवढे किलोवॅट पुरेत.

प्रश्न: सर्वांत कडक ऊन मे महिन्यात. मग आमच्या सोलरचा उच्चांक फेब्रुवारी-मार्चमध्येच का दिसतो? – एक विद्यार्थी, वासिंद

कारण पॅनेलला उजेड आवडतो, उष्णता नाही. पॅनेलवर लिहिलेली क्षमता, उदाहरणार्थ 540 वॅट, ही आतल्या सेलचे तापमान 25 अंश असतानाची असते. मे महिन्यात मुरबाडला हवाच 41-42 अंशांवर जाते, तेव्हा काळ्याभोर पॅनेलच्या आतले सेल 65 अंशांपर्यंत तापतात. सर्वसाधारण पॅनेलमध्ये दर अंशामागे 0.35 टक्क्याच्या आसपास घट होते. चाळीस अंश जास्त म्हणजे 14 टक्के वीज गेली. भर दुपारी 3 किलोवॅटच्या सोलरने सव्वादोन-अडीचच दाखवले तर ते बिघडलेले नाही.

यावर उपाय एकच, आणि तो बसवतानाच करायचा असतो: पॅनेलखालून वारा खेळला पाहिजे. पत्र्यावर अगदी चिकटवून बसवलेली पॅनेले स्लॅबवर उंच सांगाड्यावर बसवलेल्यांपेक्षा जास्त तापतात. पत्रा आणि पॅनेल यांत किमान वीतभर तरी अंतर ठेवायला सांगा. तापलेल्या पॅनेलवर दुपारी पाणी मारून ते थंड करायचा प्रयोग मात्र करू नका. तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर काच तडकू शकते.

प्रश्न: आमच्या घराच्या आसपास वीटभट्ट्या आहेत आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये राब भाजायचे दिवस. पॅनेलवर राख बसते. विहिरीला तेव्हा पाणी नसते. धुवायचे कसे? – एक शेतकरी, सरळगाव परिसर

तुमचा प्रश्न वाचून वाटले, सोलरची माहितीपत्रके छापणाऱ्यांनी एकदा तरी उन्हाळ्यात या भागात यावे. त्यांत लिहिलेले असते, पंधरा दिवसांनी भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. आणि इथे धरण उशाला, कोरड घशाला! टँकरची वाट पाहणाऱ्या घराला पॅनेल धुण्यासाठी पाणी वापर म्हणून सांगणे बरे नव्हे.

आधी तुमच्या भागातली धूळ कशी बसते ते पाहू. भात झोडून झाले की नोव्हेंबरपासून भट्ट्या लागतात. त्यांची बारीक तांबूस धूळ आणि काजळी वाऱ्याने येते. पुढे कवळतोड होते, शेताच्या तुकड्यावर फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून राब भाजतात, त्याची हलकी, पांढरी राख उडते. सुकी राख फार चिकटत नाही, वाऱ्याने निम्मी निघूनही जाते. घोटाळा करते ते दव. पहाटे पॅनेलवर दव पडते, धूळ भिजते, ओघळत खाली येते आणि सूर्य चढला की खालच्या चौकटीशी वाळते. असे दोन-तीन आठवडे गेले की काचेच्या खालच्या कडेला बोटभर रुंदीचा मातीचा पट्टा तयार होतो. वरून पाहता पॅनेल स्वच्छ दिसते, आणि नुकसान त्या पट्ट्यातच असते.

का ते सांगतो. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. ओळीतला एक सेल झाकला गेला तर त्या ओळीतून जाणारी सगळी वीज अडते. ओळच बाद होऊ नये म्हणून पॅनेलच्या मागच्या डबीत डायोड बसवलेले असतात, ते झाकलेला भाग वगळून वीज पुढे नेतात. पण असे भाग साधारण तीनच असतात. म्हणजे आडव्या बसवलेल्या पॅनेलची खालची कड बोटभर मातीने पुरती झाकली तर त्या पॅनेलची तिसऱ्या हिश्श्याएवढी वीज जाऊ शकते. संपूर्ण काचेवर पसरलेली पातळ धूळ एवढे नुकसान करत नाही.

म्हणून सगळे पॅनेल धुण्यापेक्षा खालची कड साफ ठेवणे महत्त्वाचे. आणि त्यासाठी पाणी विहिरीतून आणायची गरज हिवाळ्यात तरी नाही. पहाटे सूर्य उगवायच्या आत दव काचेवर असतेच. लांब दांड्याला मऊ स्पंज किंवा मायक्रोफायबरचे फडके बांधा, वरून खाली एकदा ओढा, फडके पिळा, पुन्हा ओढा. खालच्या कडेला दोन हात जास्त मारा. दव संपल्यावर, मार्चनंतर, 3 किलोवॅटला एक-दीड बादली पाणी पुरते, फडके ओले करून पुसायचे, ओतायचे नाही. सुक्या फडक्याने खसाखसा पुसू नका, राखेतल्या कणांनी काचेवर ओरखडे पडतात. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी काचेवर वाळू देऊ नका, त्याचे पांढरे डाग पुढे निघत नाहीत. साबण, धुण्याचा सोडा यांची गरज नाही. पत्र्यावर चढायचे असेल तर एकट्याने चढू नका, आणि ओल्या पत्र्यावर तर मुळीच नाही.

भट्टीपासून अगदी जवळ घर असेल तर आठवड्यातून एकदा, नाहीतर पंधरवड्याने पुरे. वळवाचा पहिला पाऊस पडून गेला की नीट पाहून घ्या. तो शिंतोड्यांवर भागला असेल तर धूळ धुण्याऐवजी चिखल करून जातो. त्या दिवशी पुसावे लागतेच. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत हे काम पाऊस करतो. तेव्हा तुम्ही फक्त खालच्या चौकटीत शेवाळ धरले आहे का एवढे बघा.

प्रश्न: लाइट गेली की आमचे सोलरही बंद पडते. आभाळ स्वच्छ आणि घरात अंधार! मग सोलर कशाला? – टोकावडे परिसरातून दोघा भावांचे पत्र

तुमच्याकडे जे आहे ते ग्रिडला जोडलेले सोलर आहे. तारेत वीज नसेल तर त्याचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो, आणि त्याने थांबलेच पाहिजे. लाइट गेल्यावर वायरमन खांबावर चढतो. तुमच्या छतावरून तारेत वीज जात राहिली तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून ही सोय इन्व्हर्टरमध्ये सक्तीने घातलेली असते. कुणी ती काढून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पावसाळ्यात याचा फटका दुहेरी बसतो. झाड पडले, तार तुटली, डीपी जळली की दिवसभर लाइट नाही, आणि तेवढ्यात पडलेल्या उघडिपीची कमाईही गेली. ढगांमुळे किती वीज गेली आणि लाइट नसल्यामुळे किती, हे वेगळे काढता येते. ॲपमधला दिवसाचा आलेख पाहा. ढगाची वेळ आलेखात वर-खाली होणारी रेघ दाखवते. लाइट गेल्याची वेळ सरळ शून्यावर पडलेली रेघ. भर दुपारी शून्याच्या रेघा वारंवार दिसत असतील, आणि त्या वेळी घरात लाइट होतीच असे आठवत असेल, तर मामला व्होल्टेजचा आहे. गावात दिवसा वापर कमी आणि डीपीपासून घर लांब असले की व्होल्टेज चढते, ते मर्यादेबाहेर गेल्याचे पाहून इन्व्हर्टर सुटतो, पाच मिनिटांनी पुन्हा जोडतो, पुन्हा सुटतो. असे आलेख दोन-तीन आठवडे जपून ठेवा आणि लेखी तक्रारीला जोडा. नुसते तोंडी सांगून तक्रार पुढे सरकत नाही.

लाइट गेल्यावर घर चालायला हवे असेल तर बॅटरीला जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. खर्च बराच वाढतो, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. घरात आजारी माणूस असेल, दूध-औषधांचा फ्रीज असेल, तर तो खर्च जरूर करा. नुसत्या पंखा-दिव्यासाठी जुना छोटा इन्व्हर्टरच बरा.

प्रश्न: डिसेंबरमध्ये आभाळ निरभ्र असते. तरी आमची युनिटे शेजाऱ्यांपेक्षा कमी. सोलर दोघांचे सारखेच, बसवणाराही एकच. – एक वाचक, डोळखांब

तुमच्या घराच्या दक्षिणेला काय आहे? झाड, पाण्याची टाकी, जिन्याची खोली, उंच कठडा?

मे महिन्यात बसवलेल्या सोलरची ही नेहमीची तक्रार. तेव्हा दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, सावली पायाशी पडते, काहीच अडत नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 47 अंशांवरच असतो. तेव्हा टाकी मीटरभर उंच असेल तर बारा-साडेबाराला तिची सावली उत्तरेकडे जवळजवळ मीटरभर लांब पडते, आणि सकाळी नऊला, दुपारी चारला तर कितीतरी जास्त. वर सांगितलेच आहे, एका सेलवरची सावलीही पूर्ण ओळ अडवते.

21 डिसेंबरच्या आसपास एका दिवशी नऊ, बारा आणि तीनला छतावर जाऊन फोटो काढा. सावली पडत असेल तर टाकी उत्तरेला हलवणे बहुतेक वेळा सोपे असते. आंब्याचे झाड असेल तर त्याला हात लावू नका असे मी म्हणेन. फांदी छाटून भागते का पाहा, नाहीतर तेवढी दोन पॅनेले दुसऱ्या जागी न्या. नवे सोलर घेणाऱ्यांनी बसवणाऱ्याला डिसेंबरची सावली कुठवर येते हे आधीच विचारावे. त्याला उत्तर देता येत नसेल तर दुसरा बघावा.

प्रश्न: वळवात विजा कडाडतात तेव्हा सोलर बंद करावे का?

करता आले तर करा. घरातली सोलरच्या एसी बाजूची एमसीबी आणि इन्व्हर्टरजवळचा डीसी बाजूचा खटका, दोन्ही खाली करा. छतावर जाऊ नका, पॅनेलला किंवा सांगाड्याला हात लावू नका. पण खरे संरक्षण अर्थिंगचे. सांगाडा व डीसी, एसी, आणि वीजरोधक अशी तीन वेगळी अर्थिंग असायला हवीत. आपल्याकडे वर मुरूम आणि खाली काळा कातळ, त्यात मे महिन्यात जमीन पार कोरडी ठक्क. कोरड्या जमिनीत अर्थिंगचे काम ढिले पडते, आणि विजा सर्वांत जास्त कडाडतात त्या नेमक्या तेव्हा, मृगाच्या आधी. म्हणून एप्रिलच्या शेवटी तीनही खड्ड्यांत पाणी ओता आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. त्याच दिवशी त्याच्याकडून पॅनेलचे क्लॅम्प आणि पायाचे बोल्टही आवळून घ्या. 2020 च्या जूनमधले निसर्ग आणि 2021 च्या मे महिन्यातले तौक्ते, ही दोन्ही वादळे पाऊस बसायच्या तोंडावर आली होती.

प्रश्न: पावसाळ्यापुरती पॅनेले सपाट केली तर जास्त वीज मिळेल का? – वासिंदच्याच विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न

विचार अगदी बरोबर दिशेने चालला आहे. मे महिन्याच्या मध्यानंतर एका दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, सावली नाहीशी होते. तसाच दिवस पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, आणि पॅनेले तर दक्षिणेकडे कललेली. शिवाय ढगांचा उजेड सगळ्या आभाळातून येतो, तो सपाट पॅनेलला जास्त मिळतो. तेव्हा फायदा होतो, पण मुळात थोड्या असलेल्या विजेच्या चार-पाच टक्क्यांएवढाच. 3 किलोवॅटला जुलैमध्ये दहाएक युनिटे. त्यासाठी दरवर्षी दोनदा सांगाडा खोलायचा, ऐन वादळाच्या दिवसांत बोल्ट ढिले करायचे, आणि सपाट काचेवर पाणी साचून शेवाळ धरू द्यायचे, हे परवडत नाही. तुमच्या घरी पॅनेले 15 ते 20 अंशांच्या कलावर असतील तर तशीच राहू द्या.